मशिदीतला हवेचा क्लास आणि रोजचा मेसेज : ५०० रुपयांत काय मिळालं

आधीच सांगते, हे कुठल्या कंपनीचं प्रॉडक्ट नाही. रत्नागिरीत आमच्या जमातीतल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या मुस्लिम समाजातल्या, चार-पाच पोरांनी आणि एका मौलानांनी मिळून चालवलेली सर्व्हिस आहे. दोन दिवसांचा क्लास, त्यानंतर वर्षभर व्हॉट्सअ‍ॅपवर रोज हवेचा मेसेज, आणि मशिदीच्या हौदाजवळ एक काळा फळा ज्यावर दिवसातून पाच वेळा हवेतल्या बारीक धुळीचा आकडा लिहितात. फी माणशी ५०० रुपये, त्यात रविवारचं जेवण आलं. मशीद कुठली, मौलाना कोण ते लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला त्याच मोहल्ल्यात राहायचंय.

मी गेले ती मुलासाठी. नुकताच दहाचा झाला, दमा आहे त्याला. आम्ही आधी मुंबईला होतो, गोवंडीत, मिस्टर कुवेतला, आणि तिथली हवा त्याला सोसेना म्हणून एका डॉक्टरांनी सांगितलं की गाव आहे तर गावी जा, समुद्राची हवा आहे. आलो. पहिला पावसाळा छान गेला, हिवाळा आला आणि पोरगं परत पहाटे उठून खोकायला लागलं, पंप परत उशाशी. ज्याला सांगावं तो म्हणायचा अगो पाणी बदललं की होतंच असं, एवढी चांगली हवा सोडून लोक कुठे जातात. कोकणात हवा खराब असू शकते हे कुणी ऐकूनच घेत नाही, खरं सांगायचं तर मी पण घेत नव्हते. केंद्र सरकारचा तो स्वच्छ हवेचा कार्यक्रम २०१९ ला सुरू झाला, त्यातल्या १३० च्या आसपास शहरांत महाराष्ट्रातली १९ आहेत, मुंबई-ठाणे-नवी मुंबई पासून लातूर-जालन्यापर्यंत, रत्नागिरीचं नाव नाही. म्हणजे कागदावर आपण सुखी माणसं.

तर जानेवारीत क्लासचा मेसेज फिरत फिरत आला, "उपग्रह, हवा आणि अमानत" असं काहीतरी नाव होतं, मी म्हटलं जाऊन बघू.

पहिला पाऊण तास मला वाटलं पैसे गेले. मौलाना सृष्टीच्या निर्मितीपासून निघाले, आदमपर्यंत आले आणि परत निर्मितीकडे गेले. पुढे बसलेल्या एका चाचांची मान कलली होती. मग त्यांनी मुवक्कितची गोष्ट काढली आणि हॉल जागा झाला. पूर्वी मोठ्या मशिदींमध्ये मुवक्कित नावाचा माणूस नोकरीवर असायचा, काम काय तर आकाश बघून, गणित करून नमाजेच्या वेळा काढायच्या. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अल-शातिर हा मुवक्कित होता, त्याने १३७१ मध्ये मिनारासाठी सूर्यघड्याळ बनवलं आणि ग्रहांच्या गतीची त्याची गणितं आजही खगोलशास्त्राच्या इतिहासात शिकवतात. मौलाना म्हणाले मशिदीतून आकाशाला यंत्र लावणं ही नवी फॅशन नाही बाबांनो, मधे आपणच ते काम सोडून दिलं आणि कॅलेंडर भिंतीवर टांगून मोकळे झालो. मागून कोणतरी बोललं, मौलाना, दर ईदला आपलं चांदवर एकमत होत नाही, धुरावर कसं होणार? सगळे हसले, मौलाना पण हसले पण उत्तर काही दिलं नाही.

नंतर आला तो मुलगा, पुण्याला रिमोट सेन्सिंग शिकलेला, आमच्याच भागातला. त्याने शिकवलं ते खरंच चांगलं शिकवलं. सेंटिनेल-५पी म्हणून युरोपचा उपग्रह आहे, ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडलेला, साधारण सव्वाआठशे किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि त्यावर ट्रोपोमी नावाचं यंत्र आहे. ते काही हवा खेचून घेत नाही, जमिनीवरून उलट वर गेलेला सूर्यप्रकाश बघतं. प्रत्येक वायू प्रकाशातला आपापला ठराविक रंग खातो, कुठला रंग किती कमी झाला त्यावरून खाली नायट्रोजन डायऑक्साइड किती, सल्फर डायऑक्साइड किती, कार्बन मोनॉक्साइड किती ते निघतं. गाड्या, बॉयलर, वीज केंद्रं, जहाजं जिथे जास्त तिथे नकाशावर नायट्रोजन डायऑक्साइड लाल दिसतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबई-दिल्लीवरचा तो लाल डाग कसा फिका पडला ते त्याने शेजारी शेजारी लावून दाखवलं. हा सगळा डेटा फुकट आहे, कुणीही बघू शकतो, हे मला माहीतच नव्हतं. मी समजायचे असलं काही फक्त इस्रोवाल्यांना दिसतं. (इस्रोचे पण आहेत, इनसॅट-३डीएस २०२४ च्या फेब्रुवारीत गेला, ते एका जागी राहून दिवसभर बघतात पण हवामानासाठी जास्त.)

आणि मग त्याने आमच्या गोवंडीला लागून असलेल्या देवनारचा फोटो लावला. जानेवारी २०१६ ला देवनारच्या डंपिंग ग्राउंडला आग लागली होती, धूर कित्येक दिवस राहिला, शाळा बंद ठेवल्या होत्या. नासाने तेव्हा उपग्रहातला फोटो टाकला होता, करडी मुंबई, खाडी, आणि त्यावर पांढरट पिसासारखा धुराचा पट्टा. मी त्या पिसाच्या खाली होते. ओल्या टॉवेलने खिडकीच्या फटी बुजवून बसले होते आणि हा पोटात होता. दहा वर्षांनी रत्नागिरीत बसून मी माझंच घर वरून बघत होते. दोन मिनिटं पुढचं काही ऐकूच आलं नाही मला.

आता तक्रार नंबर एक. बायकांची सोय वरच्या मजल्यावर, खालच्या प्रोजेक्टरचं चित्र वर एका टीव्हीवर, आणि टीव्ही दर वीस मिनिटांनी "नो सिग्नल". स्पीकर जिन्याच्या तोंडाशी, मागच्या रांगेला मौलानांचा आवाज म्हणजे नुसती गुणगुण. प्रश्न विचारायचा तर चिठ्ठी लिहून खाली पाठवायची, चिठ्ठी नेणारा पोरगा सात वर्षांचा, तो मधे खेळायला गेला. धूर जास्त कोण खातं, चुलीपाशी कोण असतं, पोराला नेब्युलायझर कोण लावतं, आणि माईक कुणाकडे. मी फीडबॅक फॉर्मवर हे जसंच्या तसं लिहिलंय. दुसऱ्या दिवशी वर एक माईक आला, मान्य करते, पण त्याची बॅटरी जोहरपर्यंत, म्हणजे दुपारच्या नमाजेपर्यंतच टिकली.

सगळ्यात भारी प्रश्न मात्र खालून आला, मिरकरवाड्याकडचे एक चाचा, आयुष्यभर बोटीवर गेलेले. ते म्हणाले, तुझा उपग्रह किती वाजता येतो? मुलगा म्हणाला दीडला, म्हणजे आपल्या जुम्म्याच्या नमाजेच्या सुमाराला, दिवसातून एकदाच. चाचा म्हणाले मग तो काय बघणार डोंबलाचं, सकाळी मतलई असते, जमिनीवरचा सगळा धूर दर्यावर जातो, अकरा-बाराला वारा फिरतो, खारं वारं सुरू होतं आणि तेच परत आत ढकलतं, दीडला तो बघेल तेव्हा सगळं फाटलेलं असणार, आणि रात्री वारा पडला की जे साचतं ते तर त्याला दिसायचंच नाही. मुलगा दोन सेकंद गप्प, मग म्हणाला चाचा मला हे समजायला दोन वर्षं कॉलेज लागलं. मुंबईत हिवाळ्यात हेच होतं म्हणाला, समुद्रावरचा वारा उशिरा सुटला की धूर शहरावरच बसून राहतो.

उपग्रहाचे बाकीचे दोष पण त्याने लपवले नाहीत आणि म्हणूनच माझा विश्वास बसला. एक म्हणजे त्याचा एक चौकोन साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा, आख्खी रत्नागिरी त्यात चार-पाच चौकोनांत बसते आणि त्यातला अर्धा समुद्रच. दुसरं, तो जमिनीपासून वरपर्यंतची सगळी हवा एकत्र मोजतो, आपल्या नाकाशी किती ते सांगत नाही. तिसरं म्हणजे ढग. आणि ज्या बारीक धुळीने फुप्फुसं खराब होतात ती पीएम २.५, ती तर त्याला थेट दिसतच नाही, दुसरे उपग्रह हवेतला गढूळपणा बघतात आणि त्यावरून अंदाज बांधायचा, त्यात आपल्याकडची दमट हवा आणि समुद्राचं मीठ गडबड करतं.

म्हणून फळा. मशिदीच्या बांगींच्या, म्हणजे अजान देणाऱ्यांच्या, खोलीबाहेर एक छोटा डबा टांगलाय, आत पंखा हवा खेचतो आणि लेझरच्या उजेडात हेच बारीक कण मोजतो. उपग्रह दिवसातून एकदा येतो आणि नमाज पाच वेळा होते, तर बांगी प्रत्येक बांगेआधी डब्यावरचा आकडा बघून खडूने फळ्यावर लिहितात. फजर, जोहर, असर, मगरिब, इशा, पहाटेपासून रात्रीपर्यंतचे पाच रकाने. उपग्रह जिथे आंधळा तिथे फजर आणि इशा. हे ज्याला सुचलं त्याला माझ्याकडून एक स्टार जास्त. मौलानांच्या शंभर वाक्यांपेक्षा तो फळा जास्त बोलतो, कारण वुजू करताना, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड धुताना, माणूस समोर बघतोच. मी बघितला त्या दिवशी फजर ६४, जोहर २२, असर १९, मगरिब ५१, इशा ७०. आकडा घनमीटर हवेतल्या मायक्रोग्रॅमचा, भारतात पीएम २.५ च्या दिवसभराच्या सरासरीची मर्यादा ६० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. म्हणजे दुपारी येऊन कुणी म्हणालं की कोकणची हवा लय भारी तर तो खोटं बोलत नाही, त्याने फक्त दुपारी येऊन बघितलंय.

दुसरा दिवस मौलानांचा जास्त होता आणि तो पहिल्यापेक्षा बरा. कुराणातल्या आयती सगळ्यांना माहीत असलेल्याच, सूरह रहमानमधला मीजान, आकाश उंच केलं आणि तराजू ठेवला, तराजूत गडबड करू नका. सूरह रूममधलं ते, जमिनीवर आणि समुद्रात जो बिघाड दिसतो तो माणसांच्या हातच्या कमाईने. हे जुम्म्याला पण ऐकतो आपण आणि घरी येऊन प्लास्टिक जाळतो. त्यांची खरी कमाल फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी कायद्यात. "ला दरर व ला दिरार", इजा करायची नाही आणि इजेला इजेने उत्तर द्यायचं नाही, ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, घेऊन त्यांनी सरळ शेजाऱ्याच्या धुरावर आणली. म्हणाले जुन्या काळी काझींपुढे असे खटले यायचे, हमामचा म्हणजे सार्वजनिक न्हाणीचा धूर, भट्टीचा धूर, चामड्याचा वास. ट्युनिसचा इब्न अल-रामी म्हणून चौदाव्या शतकातला गवंडी, बांधकामाच्या भांडणात काझी त्याला बोलवायचे आणि त्याने ते नियम लिहून ठेवलेत. मग स्वतःच म्हणाले की पण ते मालिकी पंथाचे, आपण कोकणी शाफई पंथाचे, आणि शाफई फिक्ह घरमालकाला स्वतःच्या जागेत जरा जास्त मोकळीक देतं, रूढीप्रमाणे वापर असेल तर शेजाऱ्याने सोसावं असं. मला हे आवडलं, आपल्या बाजूचं तेवढंच उचललं नाही. म्हणाले आता रूढी काय ते ठरवा, झाडाचा पातेरा जाळणं रूढी असेल, दुधाची पिशवी जाळणं आपल्या आजोबांच्या काळी होतं का?

कांदा-लसणाची हदीस पण त्यांनी छान वापरली. कच्चा कांदा-लसूण खाल्ला असेल तर मशिदीत येऊ नका, शेजारच्या नमाज्याला वासाचा त्रास होतो. मौलाना म्हणाले नुसत्या वासासाठी एवढं, आणि आपण मशिदीच्या भिंतीला लागून कचरा पेटवतो. एका मुलाने विचारलं की सूरह दुखानमध्ये आकाशातून धूर येईल म्हटलंय तो हाच का, त्यावर मौलानांनी साफ सांगितलं, नाही, आयतीला ओढूनताणून बातमीला लावू नका. तो एक "नाही" ऐकून मला हायसं वाटलं.

बेकरीवरून मात्र गरमागरमी झाली. जानेवारी २०२५ ला मुंबई हायकोर्टाने लाकूड-कोळशाच्या भट्टीवाल्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं होतं. वर माझ्या शेजारी बसलेल्या खालांच्या भावाची तिकडे बेकरी, त्यांनी चिठ्ठी पाठवली की धूर हराम मान्य, पण भट्टी बदलायला पैसे कोण देणार, आणि पाव महाग झाला तर गरिबाने काय करायचं. मौलाना म्हणाले फिक्हचा अजून एक कायदा आहे, एक इजा तेवढ्याच दुसऱ्या इजेने हटवायची नाही. म्हणजे भट्टी बंद कर आणि उपाशी मर असं नाही चालणार, जमातीने हातभार लावायला हवा. मग कोणी म्हटलं जकातीतून द्या, तर ते म्हणाले जकातीचे आठ हक्कदार कुराणात ठरलेले आहेत, भट्टी त्यात बसत नाही, लिल्लाह फंडातून, म्हणजे ऐच्छिक दानातून बघू. खालांचं समाधान झालं नाही. माझंही अर्धंच झालं, कारण लिल्लाह फंडात मशिदीचं गळकं छप्पर आधीपासून रांगेत आहे.

आणि आता जेवण. पुलाव उत्तम, मटण मऊ, सोलकढी थोडी पातळ, लिंबाचं लोणचं घरचं. पण ताटं कसली? थर्माकोलची. २०१८ पासून महाराष्ट्रात बंदी असलेली थर्माकोलची ताटं, हवेच्या क्लासमध्ये. इसराफवर, म्हणजे उधळपट्टीवर, सकाळीच अर्धा तास ऐकलं होतं. मी वरून खाली बघतेय, केटरिंगवाल्याच्या पोराने ताटं गोळा केली, हॉलच्या मागे नेली आणि दोन मिनिटांत काळा धूर. उपग्रहवाल्या मुलाने दाखवायला आणलेला डबा खिडकीत होता, आकडा ३८ होता तो ९०, १७०, २४० आणि पुढे थांबेचना, डबा पिवळ्याचा लाल, लालचा जांभळा. कुणी काही बोलायच्या आत सगळ्यांनी तिकडेच बघितलं. उपग्रहवाला मुलगा धावला बादली घेऊन, आणि केटरिंगवाला चिडला की अहो नेहमीच जाळतो, आज काय नवीन, रविवारी घंटागाडी येत नाही, उद्या कुत्री पसरवतील, मग कुठे टाकू सांगा?

याला उत्तर कुणाकडेच नव्हतं. ना आयत ना उपग्रह. विझलेल्या ताटांचा तो ओला काळा गोळा संध्याकाळपर्यंत तिथेच पडला होता आणि शेवटी दोन पोरांनी पोत्यात भरून रिक्षाने नेला, कुठे नेला ते मी विचारलं नाही. पण दुसऱ्या महिन्यात जमातीने स्टीलची दोनशे ताटं घेतली, ती आता लग्नाला पण भाड्याने देतात, धुवायचे पैसे वेगळे.

आता सर्व्हिसबद्दल, म्हणजे रोजचा मेसेज. फजरनंतर एक येतो, फळ्यावरचे कालचे पाच आकडे आणि आजचा पहिला. असरनंतर दुसरा, त्यात उपग्रहाचं चित्र, एक रत्नागिरीचं आणि एक मुंबईचं, कारण प्रत्येक घरातलं अर्धं माणूस तिकडे आहे. (मी म्हटलं कुवेतचं पण टाका, म्हणे बघू.) तक्रार नंबर दोन इथे. फोनमधल्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये दिसतो तो एक्यूआय आणि फळ्यावरचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक निर्देशांक आहे आणि दुसरा सरळ घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम, आणि ग्रुपवर रोज कोणीतरी दोन्हीची तुलना करून भांडतं. फळ्याच्या कोपऱ्यात एक ओळ लिहिली तर मिटेल. सहा महिने सांगतेय.

फेब्रुवारी ते मे सर्व्हिस सगळ्यात कामाची. त्या दिवसांत डोंगराला वणवे लागतात आणि शेतात भाजावळ, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं, असते, नासाच्या फर्म्स नावाच्या नकाशावर आगीचे लाल ठिपके दिसतात, रात्रीचे पण, ३७५ मीटरपर्यंत बारीक. मार्चमध्ये एका रात्री ग्रुपवर ठिपका आला, आमच्या मामूंच्या काजूच्या बागेपासून डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, मामूंना फोन केला, ते पोरांना घेऊन गेले आणि बागेच्या वरच्या बाजूने गवत कापून पट्टा काढला. आग तिथवर आलीच नाही, वारा फिरला, म्हणजे पट्ट्याने वाचली की नशिबाने ते मामूंना विचारलं तर ते पट्ट्यानेच म्हणतात. आणि हे पण सांगायला हवं की हा ठिपका यायला दोन-तीन तास जातात, आणि भाजावळीची छोटी आग तर कधी कधी दिसतच नाही. फायर ब्रिगेड समजून चालू नका.

जूनपासून मात्र असरचा मेसेज म्हणजे "आज ढग. वरून काही दिसत नाही." एवढाच. रोज. आज अडीच महिने झाले. सुरुवातीला राग आला, ५०० रुपये याचे का, नंतर वाटलं निदान खोटं चित्र तरी टाकत नाहीत. फळा चालू आहे, आकडे पावसात दहा-बाराच्या आसपास, आणि धुकं किंवा फार दमट असेल तर बांगी आकड्याऐवजी "धुकं" लिहितात कारण डबा पाण्याचे थेंब पण धूळ म्हणून मोजतो.

माझ्या पोराचं काय ते राहिलंच. डबा ५०० रुपये डिपॉझिटवर तीन दिवस घरी मिळतो, हे क्लासमध्ये नीट सांगत नाहीत, विचारावं लागतं. फेब्रुवारीत मी आणला, मुलाच्या खिडकीत ठेवला. मला वाटलं हायवेची धूळ असेल, ते काम किती वर्षं चाललंय कुणाला ठाऊक, किंवा बंदराकडून काही. रात्रभर चाळीस-पन्नास. पहाटे साडेपाचला आकडा सटकन वर, दोनशेच्या पुढे, मी म्हटलं डबा बिघडला. दुसऱ्या दिवशी पण साडेपाचलाच. तिसऱ्या दिवशी मी अलार्म लावून उठले आणि खिडकी उघडून बघितलं तर खाली न्हाणीमागे आमच्याच सासूबाई, आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवतायत. सोडणं, म्हणजे नारळाची सालं, वर थोडा ओला पातेरा आणि पेटत नाही म्हणून दुधाच्या पिशव्या. मतलईला तो धूर सरळ वर मुलाच्या खिडकीत.

मी गोवंडीहून इथे आले, ८०० किलोमीटरवरच्या उपग्रहाचं शिकले, आणि सापडलं काय तर वीस पावलांवरचा बंब. सासूबाईंना डबा दाखवला तर म्हणाल्या, अगो चाळीस वर्षं पेटवतेय, तुझ्या नवऱ्याला काय झालं? मी काही बोलले नाही. जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, त्या लोबान लावतात त्यावर पण डबा जांभळा झाला होता, ते तर मी सांगितलंच नाही, एका वेळी एकच भांडण. पण त्या वाज, म्हणजे मौलानांचं प्रवचन, ऐकायला वर माझ्याबरोबर बसायच्या आणि कांद्याची हदीस त्यांच्या लक्षात राहिली होती. आठ दिवसांनी पिशव्या बंद झाल्या, न बोलता, आता पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालतात आणि भंगारवाल्याला देतात. बंब मिस्टर सुट्टीवर आले तेव्हा घराच्या दुसऱ्या अंगाला हलवला. सोडणाचा धूर आहेच, सोलरचं कोटेशन आणलंय, बघून ठेवून दिलंय. मुलाचा पहाटेचा खोकला कमी झाला, गेला नाही, आणि पावसाळ्यात तो तसाही कमीच असतो, त्यामुळे खरं काय ते येत्या जानेवारीत कळेल.

स्टार द्यायचे तर साडेतीन. फळ्याला पाच, उपग्रहाच्या मेसेजला हिवाळ्यात चार आणि पावसाळ्यात एक, मौलानांना पहिला पाऊण तास सोडून चार, वरच्या मजल्याच्या सोयीला दीड. गैरमुस्लिम पण येऊ शकतात, आमच्या बॅचला दोन शिक्षक आणि एक दवाखान्यातल्या ताई होत्या, कुणी काही विचारत नाही, डोक्यावर रुमाल तिथेच मिळतो.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणतात. बायका जाणार असाल तर वर जिन्याजवळची जागा पकडा, स्पीकर तिथेच आहे. स्वतःचं ताट न्या म्हटलं असतं पण आता स्टीलची आहेत. आणि डब्यासाठी नाव पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, डबे दोनच आहेत आणि त्यातला एक मार्चपासून एका घरी आहे, ते परत देत नाहीयेत.